इथे काटकसर नको

१

कळवलेल्या चुकांच्या, म्हणजे बगच्या, यादीत अकराशे शहाऐंशीनंतर एकदम अकराशे अठ्ठ्याऐंशी होता. मधला आकडा गायब. बाईंनी यादी वर-खाली सरकवून पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली, आणि मग शेजारचा कप बोटाच्या टोकाने लांब ढकलला. कपातल्या उरलेल्या कॉफीवर हिरवी बुरशी धरली होती. जिथे लोकांच्या जिवाशी संबंध असलेलं काम चालतं तिथली माणसं अशी राहतात, हे बघून त्यांना आल्या पावली परत फिरावंसं वाटलं.

“आकडा आपोआप पडतो, मॅडम,” समोरची मुलगी म्हणाली. “मी रिपोर्ट पाठवला तेव्हा मला अकराशे सत्त्याऐंशी पडला. डायरीत लिहून ठेवलाय. नऊ तारीख, सकाळी सव्वाअकरा.”

“डायरी तुमचीच. आकडा काल रात्री लिहिला असं कुणीही म्हणेल.”

“म्हणतातच आहेत,” मुलगी म्हणाली.

इथे तिला सगळे ‘पंपवाली’ म्हणत, तेही तिच्या तोंडावर. दवाखान्यातल्या औषधाच्या पंपाचा प्रोग्राम तिने लिहिला होता. पलंगाखालच्या काट्याला रुग्णाचं वजन विचारायचं आणि त्या मानाने औषध सोडायचं, एवढंच त्या पंपाचं काम. गेल्या महिन्याच्या तीस तारखेला त्या पलंगावर आधी चौऱ्याण्णव किलोचे एक गृहस्थ झोपून गेले. त्यांच्यानंतर अठ्ठावीस किलोची एक शाळकरी पोर झोपली. पंपाने तिलाही चौऱ्याण्णव किलोच्या माणसाचं औषध दिलं. संध्याकाळपर्यंत पोर गेली.

पंपवालीचं म्हणणं असं की हा घोळ तिला तीन आठवडे आधीच सापडला होता. वाळूच्या दोन पिशव्या लागोपाठ काट्यावर ठेवल्या तर दुसरीचं वजनही पहिलीइतकंच यायचं. आपल्या प्रोग्रामात चूक दिसेना, तेव्हा तिने इथे, कंपायलरवाल्यांना, कळवलं आणि पंप थांबवा म्हणून आपल्या साहेबांनाही सांगितलं. साहेब म्हणाले, आधी कंपायलरवाल्यांचं उत्तर येऊ दे. उत्तर आलंच नाही. आता साहेबांना काही आठवत नव्हतं आणि कंपायलरवाल्यांनी कानांवर हात ठेवले होते.

दुपारी तीनला चौकशी समिती बसणार होती. रिपोर्ट आला होता असं सिद्ध झालं तर दोष तो दडपणाऱ्याचा. नाही झालं, तर न तपासलेला पंप माणसांना लावल्याचं खापर या मुलीच्या डोक्यावर फुटणार होतं, आणि ते प्रकरण तुरुंगापर्यंत जाणारं होतं.

बाईंना बोलावलं होतं त्यांच्या धाकट्या दिराने. तो इथला मुख्य. ही भाषा मुळात बाईंनीच घडवली होती, आणि त्या भाषेत लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा पहिला कंपायलरही त्यांनीच लिहिला होता. त्याला तीस वर्षं झाली. पुढे त्या शिकवायला निघून गेल्या आणि कंपायलर दिराकडे राहिला. “वहिनी, तुमच्याइतकं निःपक्षपाती कोण बघणार?” असं तो फोनवर म्हणाला होता.

यादीतला रिपोर्ट पुसायची मुभा तिघांनाच होती: दीर, सुसाट आणि झाडूताई. कुणी पुसला हे यादीच सांगेल, अशी बाईंची समजूत होती. मग त्यांना कळलं की तिघं मिळून एकच खातं वापरतात, आणि त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आहे.

२

सुसाटला हे नाव पडलं होतं ते वेगाच्या वेडामुळे. त्याच्या कीबोर्डच्या फटीफटीत वेफर्सचा चुरा होता आणि तेलकट बोटं तो पँटला पुसत होता. बाईंनी खुर्ची हातभर मागे घेतली.

“आता तू सांभाळतोस ती काटकसर काय आहे, मला नव्याने सांग.”

“सोपं आहे, बाई. आपली भाषा शुद्ध. फंक्शनला तोच प्रश्न विचारला की तेच उत्तर, कधीही विचारा. मग एकच प्रश्न दोनदा कशाला विचारायचा? कंपायलर एकदा विचारतो, उत्तर जपून ठेवतो, पुढच्या वेळी तेच देतो. प्रोग्राम नुसते पळत सुटतात.”

“आणि काट्याचं काय? त्याच्यावर दर वेळी वेगळं माणूस असतं.”

“बाहेरच्या जगाला काही विचारायचं असेल तर पुढचं दार आहे ना. रीतसर जायचं, जरा हळू जायचं. तिथे काटकसर हातच लावत नाही.”

“आणि मागचं दार?”

सुसाटने आवाज खाली आणला. “म्हणजे अशुद्ध फंक्शनवर शुद्ध म्हणून शिक्का मारायचा. आणि कंपायलर फसू नये म्हणून त्याच्या डोक्यावर एक हुकूम लिहायचा, ‘इथे काटकसर नको’. पण ते घाणेरडं काम. सर त्याचं नावसुद्धा काढू देत नाहीत.”

“काट्याचं वजन वाचणारं फंक्शन उघड. पंपवालीने नाही लिहिलेलं ते. तुम्ही सगळ्यांना तयार देता त्या लायब्ररीतलं आहे.”

त्याने उघडलं. फंक्शन मागच्या दाराने लिहिलेलं होतं आणि त्याच्या डोक्यावर हुकूम नव्हता. म्हणजे पंप चालू केल्यावर काट्याला एकदाच वजन विचारलं जात होतं, आणि नंतर येईल त्याला तेच लागू होत होतं. बाईंनी गेल्या वर्षीची प्रत काढायला लावली. तिच्यात हुकूम होता, साध्या तीन शब्दांचा.

“म्हणजे मध्येच कुणीतरी काढला,” बाई म्हणाल्या.

“मी नाही काढला. झाडूताईला विचारा, झाडलोट तिची असते.” इतक्या चपळाईने त्याने अंग काढून घेतलं की बाईंना त्याची शिसारी आली. एक पोर गेली होती, आणि याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता.

“रिपोर्ट तू पाहिलास?”

“शप्पथ नाही. पाहिला असता तर दिवसभरात सापडलं असतं मला. काटकसर चुकीची नाही, बाई. आपला कंपायलर आपण त्याच कंपायलरने घडवतो, म्हणजे बिल्ड करतो, काटकसर लावून. याहून मोठा पुरावा काय पाहिजे?” मग त्याचा चेहरा जरा पडला. “फक्त गेल्या महिन्यापासून बिल्डला अकरा मिनिटं जास्त लागतायत. चार वेळा सांगितलं मी सरांना. ते म्हणतात यंत्र तापतं.”

बाईंनी यंत्राच्या कपाटावर हात ठेवून पाहिला. ते थंडगार होतं.

३

झाडूताईचं टेबल मात्र लख्ख होतं. फवाऱ्याच्या औषधाचा वास खोलीत शिरतानाच नाकात गेला. जुना, निरुपयोगी कोड काढून टाकणं हे तिचं काम, आणि त्याचा तिला अभिमान होता.

“हो बाई, मीच काढली ती ओळ,” ती म्हणाली. “अशा दोनशे चाळीस ओळी काढल्या. माझा नियम ठरलेला आहे. ओळीपाशी कारण लिहिलेलं नाही, आणि ती काढल्यावरही सगळ्या टेस्ट पास होतात, तर ती ओळ कचरा.”

“काट्याच्या टेस्टमध्ये किती वजनं आहेत?”

“एक.”

“एकच वजन. मग काटकसर लागली काय नि न लागली काय, टेस्ट पासच होणार.”

झाडूताईच्या हातातलं फडकं थांबलं. तिला ते आत्ता कळत होतं, हे बाईंना स्पष्ट दिसलं.

“ती पोर माझ्यामुळे गेली का?”

“तुमच्या हातून ओळ गेली. पण नऊ तारखेला कुणाला तरी ते कळलं होतं, आणि त्यानंतर एकवीस दिवस होते. ते दिवस कुणी खाल्ले ते मला शोधायचंय. रिपोर्ट तुम्ही पुसलात का?”

“नाही. मला पहिल्यांदा कळलं ते पंपवालीचा फोन आला तेव्हा. यादी बघितली तर त्या आकड्याचं काहीच नाही. मी तिला खोटारडी म्हटलं.” तिने फडक्याची घडी घातली. “पण बाई, मी माझं झाडणं तपासल्याशिवाय पुढे जात नाही. लायब्ररी दोन तारखेला झाडली. मग अकराला कंपायलरचं फोल्डर झाडलं, तसेच कारण नसलेले हुकूम तिथूनही काढले, आणि लगेच कंपायलर स्वतःच्या कोडवर चालवून पाहिला. पहिल्या फटक्यात बिल्ड झाला. माझ्या झाडण्यात खोट असती तर तो तिथेच मोडला असता, नाही का?”

बाई उठल्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “मोडायलाच हवा होता.”

४

दिराला ऑफिसातले लोक मागून ‘सोवळे’ म्हणत. मागच्या दाराचा विषय निघाला की तो चार पावलं लांब व्हायचा, त्यावरून ते नाव. त्याच्या खोलीत गालिचा होता, खिडक्या बंद होत्या आणि अत्तराचा वास इतका दाट होता की बाईंना मळमळायला लागलं. भिंतीवर त्याच्या भाषणांचे फोटो होते. प्रत्येकात त्याच्यामागे तेच वाक्य झळकत होतं: ‘पायापासून कळसापर्यंत शुद्ध’.

“बसा वहिनी. काही मागवू का?”

“नको. भाऊजी, तुमच्या लायब्ररीत मागचं दार सापडलं.”

“ऐकलं मी.” त्याने खेदाने मान हलवली. “कुणातरी जुन्या माणसाचा आळशीपणा. चूक आमचीच, मी समितीसमोर मान्य करणार आहे. पण ती कुणालाच माहीत नव्हती, वहिनी. आणि त्या मुलीने दोन वजनं ठेवून बघायला नको होती का? एवढी साधी गोष्ट.”

“ती म्हणते तिने ठेवून बघितली.”

“म्हणणारच बिचारी. मला तिची दया येते.” त्याने टेबलावरच्या डब्यातून कागदी रुमाल काढून बोटं पुसली. “तुम्ही फार कडक होऊ नका तिच्याशी.”

बाईंनी त्या पुसलेल्या बोटांकडे पाहिलं. तीस वर्षांपूर्वी याच बोटांना त्यांनी कोड लिहायला शिकवलं होतं.

“बिल्डला अकरा मिनिटं जास्त का लागतात?”

“यंत्र तापतं.”

“आणि खुद्द कंपायलरमध्ये? तिथे मागचं दार आहे का कुठे?”

दीर हसला. डोळे मात्र बाईंच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. “एकही नाही. तीस वर्षं मी हेच सांगत आलोय, आणि तुम्ही कधी खोडून काढलं नाहीत. समितीला तुमच्या शब्दावर भरवसा आहे, वहिनी. म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

५

दीड वाजला होता. बाईंनी सुसाट आणि झाडूताई दोघांना यंत्रापाशी बोलावलं आणि कंपायलर बिल्ड करायच्या सूचनांची फाइल उघडायला लावली. वरून खाली एकेक ओळ वाचत सुसाट सतराव्या ओळीपाशी अडला.

“हे काय? इथे काटकसर बंद केलीय.” त्याचा आवाज चिरकला. “गिऱ्हाइकांना चालू दिलीय आणि आपल्या स्वतःच्या कंपायलरला बंद?”

“तारीख बघ.”

“दहा. ताईने इथे झाडलं त्याच्या आदल्या दिवशी.” तो हिशेब करत होता. “म्हणून अकरा मिनिटं. पण असं कशाला कुणी करेल? इथे तर सगळं शुद्ध आहे.”

“चालू कर आणि बिल्ड कर.”

त्याने केलं. कंपायलर तयार झाला, पण चार ओळींचा पहिलाच प्रोग्राम दिल्यावर त्याने सगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन टाकलं. बेरजेचं नाव आणि बेरजेच्या उत्तराचं नाव एकच. पडद्यावर निव्वळ कचरा ओघळत होता.

“कंपायलरला पावलोपावली नवीन नावं लागतात,” बाई म्हणाल्या. “दवाखान्यात टोकन देणारं यंत्र असतं तसं एक फंक्शन आत बसवलंय. दर वेळी तोच प्रश्न, दर वेळी पुढचा आकडा. ते शुद्ध असूच शकत नाही. त्याच्या डोक्यावर ‘इथे काटकसर नको’ होतं. ताई, अकरा तारखेला तुम्ही ते पुसलंत. त्याच दिवशी कंपायलर असाच मोडायला हवा होता. नाही मोडला, कारण आदल्या दिवशी कुणीतरी सावध होऊन इथली काटकसर बंद केली.”

“सावध कशाने होणार?” झाडूताईने विचारलं आणि मग तिचं तिलाच कळलं. “नऊ तारखेच्या रिपोर्टने.”

“हो. दुसऱ्या पिशवीला पहिलीचं वजन, एवढं वाचून ज्याला कळलं की हुकूम झाडले जातायत आणि उद्या कंपायलरची पाळी आहे. तुम्हाला त्या दाराची कल्पना असती तर तुम्ही ती ओळ झाडलीच नसती. सुसाट, तुला कल्पना असती तर काटकसर बंद करून चार वेळा वेळेची तक्रार केली नसतीस. हे दार आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं.”

“कोण दोघं?”

“ज्यांनी ते बसवलं ते. एक तुमचे सर.” बाईंनी चष्मा काढला. “दुसरी मी.”

बाईंनी पुढचं भराभर सांगून टाकलं. तीस वर्षांपूर्वी, भाषेच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला चार दिवस उरले होते. रीतसर दाराने कंपायलर चाळीस मिनिटं घेत होता, मागच्या दाराने चार. त्यांनी आणि दिराने ते बसवलं, नंतर नीट करू म्हणाले, आणि शुद्ध भाषा म्हणून नाव झाल्यावर मूग गिळून बसले.

दीर दारात उभा होता. कधी आला कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

“वहिनी, जरा बाहेर या.”

बाहेर बोळात झेरॉक्सच्या शाईचा आणि शिळ्या डब्यांचा वास कोंडला होता. दीर हळू आवाजात बोलत होता, घरच्या कार्याची बोलणी करावीत तसा.

“लायब्ररीतला हुकूम मी पुढच्या आवृत्तीत गुपचूप घालणारच होतो. दोन महिन्यांचा प्रश्न होता. लगेच घातला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं का म्हणून, आणि खणता खणता टोकनपर्यंत आले असते.”

“आणि तेवढ्यात कुणी मेलं असतं तर?”

“मला काय माहीत असं होईल?” मग त्याने बाईंच्या दंडाला हात लावला. “ते दार तुमच्याही हातचं आहे. माझं नाव घ्याल तर तुमचंही जाईल. ही भाषा, तुमची पुस्तकं, सगळं. दादा गेला, पण त्याचंही नाव आहे त्यात. घरातलं घरात राहू द्या.”

बाईंनी त्याचा हात दंडावरून काढला आणि पदराने ती जागा पुसली. त्याने त्यांना निःपक्षपाती म्हणून बोलावलंच नव्हतं. गळ्यापर्यंत रुतलेल्या माणसाला दुसऱ्यावर चिखल उडवता येत नाही, अशा खात्रीने बोलावलं होतं. आणि ती खात्री त्याला वाटावी इतकी वर्षं आपण गप्प होतो, याची त्यांना त्याच्यापेक्षाही जास्त किळस आली.

६

समितीच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांना कंपायलरमधलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी ते सुरुवातीलाच सांगून टाकलं. बाईंनी त्यांच्यासमोर काटकसर चालू करून बिल्ड दाखवला, मग बंद करून दाखवला. दहा तारीख दाखवली, अकरा तारीख दाखवली. सुसाट आणि झाडूताईने आपापलं सांगितलं. झाडूताईने आपण ओळ पुसल्याचं कुणी विचारायच्या आधीच सांगितलं.

“म्हणजे ज्याला हे छुपं दार माहीत होतं त्यानेच रिपोर्ट वाचला आणि पुसला,” अध्यक्षा म्हणाल्या. “आणि मुख्य म्हणतात, त्यांना असं दार असल्याचं माहीतच नाही.”

“खरं आहे,” दीर साळसूदपणे म्हणाला. “मला आजच कळलं. मला तर धक्काच बसला.”

“मग त्यांना माहीत होतं हे कशावरून?” अध्यक्षांनी बाईंना विचारलं.

खोलीत सगळे बाईंकडे बघत होते. दीरही बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जराही भीती नव्हती.

“कारण ते दार मी बसवलं,” बाई म्हणाल्या. “आणि हुकूम मी सांगितला तसा त्यांनी टाइप केला. माझी त्या वेळची वही घरी आहे. त्या पानावर शेजारी त्यांच्या अक्षरात वेळ मोजलेली आहे, चाळीस मिनिटं आणि चार मिनिटं. मी आजवर सगळ्यांना ही भाषा पायापासून शुद्ध आहे असं शिकवत आले. ते खोटं होतं, आणि मला ठाऊक होतं.”

दीर बाईंकडे वळून म्हणाला, “दादा असता तर तुम्ही हे बाहेर काढलं नसतं.” त्यात जी कबुली होती ती लिहून घ्या, असं अध्यक्षांनी कारकुनाला सांगितलं.

सव्वापाचला पंपवालीला जायला मोकळीक मिळाली. तिच्यावरचा आरोप काढला होता. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. इतकं मळल्यासारखं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि ते नळाखाली हात धुऊन जाणारं नव्हतं. मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आभार मानायला आली असावी असं त्यांना वाटलं.

“झाडूताई म्हणतात, ओळीपाशी कारण लिहिलेलं असतं तर त्यांनी ती पुसली नसती,” मुलगी म्हणाली. “लायब्ररीतली ओळ तुमच्याच ओळीची नक्कल होती. तुमच्या ओळीपाशी कारण असतं तर तिथेही आलं असतं.”

“हो.”

“एक वाक्य लागलं असतं, मॅडम. का नाही लिहिलंत?”

बाईंनी उत्तर शोधायचा प्रयत्न केला. घाई होती, जागा नव्हती, तेव्हा तशी पद्धत नव्हती, असं बरंच सुचत होतं.

“लाज वाटत होती,” त्या म्हणाल्या.

मुलीने ऐकून घेतलं. “त्या पोरीच्या आईने विचारलं तर हेच सांगू का?” तिने विचारलं, आणि उत्तरासाठी ती तिथेच उभी राहिली.